फ्रॉइड आपल्या घराला लागू पडतो का? गिरींद्रशेखर बोस यांच्या आधाराने एक उत्तर

तुम्ही लिहिले आहे की, गेले चार महिने तुम्ही मनोविश्लेषणाच्या पद्धतीने काम करणाऱ्या एका थेरपिस्टकडे जात आहात आणि मनोविश्लेषणाचा संस्थापक, व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड, याच्याविषयी वाचायला घेतल्यापासून मनात एक अढी बसली आहे. तुम्ही सांगलीजवळच्या एकत्र कुटुंबात वाढलात, आईपेक्षा आजी आणि थोरल्या काकूंच्या हाताखाली अधिक. वडिलांशी तुमचे भांडण कधी झाले नाही, कारण त्यांच्याशी बोलणेच मोजके होते. अशा माणसाला व्हिएन्नातला बाप-मुलाच्या वैराचा सिद्धान्त लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगावर चढवणे नव्हे काय, या शास्त्राची आपल्याकडे काही स्वतंत्र परंपरा आहे की सगळी उसनवारीच, आणि हे उपचार पुढे चालू ठेवावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षे याच पद्धतीने काम करते, आणि हा प्रश्न माझ्या खोलीत अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक प्रश्न सिद्धान्ताचा आहे: तो माझ्याविषयी खरा आहे का? दुसरा त्याहून जिव्हाळ्याचा आहे: माझे आयुष्य सिद्धान्तात बसले नाही, तर समोरची व्यक्ती माझे ऐकेल की मला त्यात कोंबेल? तुमचा खरा प्रश्न हा दुसरा आहे असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर देताना मला कलकत्त्याच्या एका डॉक्टरांची आठवण होते, कारण तो प्रश्न त्यांनी थेट फ्रॉइडसमोर मांडला होता.

त्याआधी काही गोष्टी स्पष्ट करते. तुम्ही कोणत्या त्रासासाठी जाता हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि पुष्कळसे त्यावरच अवलंबून आहे. झोप उडाली असेल, कामावर उभे राहणे अशक्य झाले असेल, जगणे नको असे विचार येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, गरज पडल्यास औषध घ्यावे, आणि बोलण्याचे उपचार त्याच्या जोडीने चालू द्यावेत. अशा वेळी फ्रॉइड बरोबर की चूक हा प्रश्न बाजूला ठेवायला हरकत नाही. थेरपिस्टचे प्रशिक्षण किती झाले आहे, त्या स्वतः कोणा वरिष्ठांकडे आपल्या कामाची चर्चा करतात का, आठवड्याची फी तुम्हाला वर्षभर झेपेल का, यावरही निर्णय बदलतो. पुढचे सगळे मी हे गृहीत धरून लिहिते आहे की तुमचा त्रास जुना, रेंगाळणारा आहे, आणि आजच्या आज काही धोका नाही.

ज्या डॉक्टरांविषयी मी म्हणते आहे ते गिरींद्रशेखर बोस. त्यांचा जन्म १८८७ चा. वडील दरभंगा संस्थानात दिवाण होते आणि नऊ भावंडांत गिरींद्रशेखर सर्वांत धाकटे. 'परशुराम' या टोपणनावाने लिहिणारे बंगाली लेखक राजशेखर बसू हे त्यांचे थोरले बंधू. १९१० मध्ये ते कलकत्त्यातून डॉक्टर झाले. संमोहनाचा नाद तरुणपणापासून होता, त्यामुळे वैद्यकी करता करता मनाच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्णही ते पाहू लागले. पुढे मानसशास्त्र हा विषय विद्यापीठात नव्याने सुरू झाला, तेव्हा जम बसलेल्या या डॉक्टरांनी पुन्हा विद्यार्थी होऊन १९१७ मध्ये त्यात पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. दमन म्हणजे नकोशी इच्छा मनाने स्वतःपासूनच लपवून ठेवणे. हा प्रबंध त्यांनी फ्रॉइडकडे पाठवला आणि तिथून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

१९२२ मध्ये कलकत्त्यात १४, पारसीबागान लेन या बोस यांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली आणि तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. हे साल मुद्दाम लक्षात ठेवा. युरोपातल्या कित्येक देशांत तोवर अशी संस्था नव्हती. पुढे १९३३ मध्ये कलकत्त्यातल्याच कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला; सर्वसाधारण रुग्णालयातला असा विभाग भारतात पहिलाच. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तो १९३८ मध्ये डॉ. मसानी यांनी सुरू केला. १९४० मध्ये बोस यांनी भावाच्या मदतीने लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे केले. १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेच मनोविश्लेषण संस्थेचे अध्यक्ष होते. तेव्हा परंपरा आहे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी आहे.

परंतु संस्था असणे आणि स्वतःचा विचार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांच्या विचाराकडे जरा सावकाश जाऊ.

बोस यांचे म्हणणे असे की माणसाच्या मनात कोणतीही इच्छा एकटी उगवत नाही; तिच्याबरोबर तिची विरुद्ध इच्छाही जन्माला येते. मारावेसे वाटते तिथे मार खावासा वाटण्याची एक बाजू असते, दुसऱ्याला सांभाळावेसे वाटते तिथे कोणीतरी आपल्याला सांभाळावे अशीही बाजू असते. या दोन्ही एकाच वेळी जाणिवेत राहू शकत नाहीत, म्हणून एक वर येते आणि दुसरी खाली दडपली जाते. फ्रॉइडच्या मांडणीत इच्छेला दडपणारी शक्ती वेगळी आहे आणि तिच्यामागे समाज, बाप, शिक्षेचे भय उभे आहे. बोस यांच्या मांडणीत एक इच्छाच दुसऱ्या इच्छेला दडपते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण रुग्णासमोर बसल्यावर तो मोठा ठरतो. आत एक पोलीस आणि एक गुन्हेगार आहे असे समजून ऐकणे वेगळे, आणि आत दोन माणसे आहेत, दोघांनाही काहीतरी हवे आहे, असे समजून ऐकणे वेगळे.

त्यातून त्यांची उपचारपद्धतीही निराळी झाली. फ्रॉइडचा रुग्ण मनात येईल ते बोलत राहतो आणि विश्लेषक बहुतांशी शांत राहून ऐकतो. बोस स्वतः पुढाकार घेत. रुग्णाला ते एखाद्या प्रसंगाची कल्पना करायला सांगत, मग त्याच प्रसंगात समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवायला सांगत, आणि असे आलटून पालटून, दडलेली बाजू सोसण्याजोगी होईपर्यंत. बागेतल्या सी-सॉची उपमा ते यासाठी वापरत: एक टोक वर गेले की दुसरे खाली जाते, आणि दोन्ही टोकांवर बसून पाहिल्याशिवाय मधला तोल सापडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. १९२९ मध्ये बोस यांनी आपले काही निबंध फ्रॉइडकडे पाठवले आणि पत्रात मतभेद स्वच्छ मांडला. ईडिपस गंड म्हणजे मुलाची आईविषयीची ओढ आणि त्यापायी बापाशी वैर. त्याविषयी फ्रॉइडचे मत असे होते की मुलाची आईविषयीची ओढ अखेर बापाच्या धाकापुढे, लिंगच्छेदाच्या भयापुढे मान तुकवते. बोस यांनी कळवले की माझ्या भारतीय रुग्णांत हे भय युरोपीय रुग्णांइतके ठळक दिसत नाही. उलट स्त्री होण्याची इच्छा भारतीय पुरुषांत अधिक सहजपणे हाताला लागते. आणि त्यापुढचे पाऊल असे की बापाच्या अधिकारापुढे नमून हा गंड सुटत नाही. मुलाने कल्पनेत त्या अधिकारावर मात केली पाहिजे, बापालाही स्त्रीच्या जागी ठेवून पाहिले पाहिजे, तरच तो सुटतो. लक्षात घ्या, एक वसाहतीतला डॉक्टर, ज्याचे स्वतःचे विश्लेषण कोणा मान्यवराने केलेले नाही, तो या शास्त्राच्या संस्थापकाला सांगतो आहे की माझ्यासमोरच्या माणसांत मला वेगळे दिसते. फ्रॉइडनेही ते झटकून टाकले नाही. भारतीय आणि युरोपीय रुग्णांतल्या या फरकाने आपण प्रभावित झालो असून विरुद्ध इच्छेच्या मुद्द्यावर लक्ष ठेवू, असे त्याने कळवले. मतपरिवर्तन मात्र झाले नाही. त्याचा मूळ सिद्धान्त होता तसाच राहिला.

स्त्री होण्याची इच्छा हे शब्द वाचून तुम्ही दचकला असाल. मीही शिकताना दचकले होते, आणि त्याचा अर्थ मला एका रुग्णाने समजावला, तोही माझी चूक झाल्यानंतर. ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते. चाळिशीतले गृहस्थ, घरातले थोरले चिरंजीव, वडिलांच्या दुकानात वडिलांच्याच पद्धतीने काम करणारे. तक्रार अशी की स्वतःच्या मुलावर अकारण हात उगारला जातो. मी तेव्हा नवीन होते, वाचलेले ताजे होते, आणि मी वडिलांविषयीचा दडलेला राग शोधत बसले. तो सापडेना, तसे मी त्यांच्या नकारालाच पुरावा समजू लागले. ते सभ्य होते, म्हणून ऐकून घेत आणि गप्प होत. सात-आठ महिन्यांनी, माझ्या वरिष्ठांनी मला जरा थांबून ऐकायला सांगितल्यावर, त्यांनी धाकट्या बहिणीविषयी बोलायला सुरुवात केली. ती वडिलांच्या मांडीवर बसून जेवत असे, सासरी जाताना वडील तिच्या डोक्यावर हात ठेवून रडले होते. "माझ्या खांद्यावर त्यांनी कधी हात ठेवला नाही," एवढे म्हणून ते थांबले, आणि मग म्हणाले, "मुलगी असतो तर ठेवला असता." राग त्यांच्या मनात होताच, पण तो या दुःखाच्या आड होता. पुढच्या काळात मुलावर हात उगारणे थांबले, कारण मुलगा बिनधास्तपणे आपल्या कुशीत शिरतो हे पाहून आत कोण पेटून उठते, ते त्यांचे त्यांना कळले.

या माणसाला भयाच्या साच्यात बसवण्यात मी सात महिने घालवले. बोस मी नीट वाचलेले असते तर निदान विरुद्ध बाजूलाही कान दिला असता.

भारतीय पुरुषांत हे का दिसावे याची एकच एक उपपत्ती मी देणार नाही. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी आईशी दीर्घकाळ टिकणाऱ्या निकटतेवर भर दिला आहे: लहानपणी मुलगा बायकांच्या जगात, अनेक हातांवर वाढतो, आणि एका वयात अचानक पुरुषांच्या जगात ढकलला जातो. तुम्ही आजी आणि काकूंविषयी जे लिहिले आहे ते वाचताना मला हेच आठवले. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी दुसऱ्या बाजूने पाहिले आणि दाखवले की आपल्या कथांत आघात बहुधा बापाकडून मुलावर होतो: ययाती पुरूचे तारुण्य मागून घेतो, शंतनूच्या विवाहासाठी भीष्म आजन्म ब्रह्मचर्य पत्करतो, शंकर गणेशाचे मस्तक उडवतो. यांत बापाला मारणारा मुलगा नाही. बापासाठी स्वतःचे काहीतरी देऊन टाकणारा, किंवा गमावणारा, मुलगा आहे. "आमचे कधी भांडण झाले नाही" असे जेव्हा एखादा पुरुष मला सांगतो, तेव्हा भांडण कुठे लपले आहे हे मी आता पहिल्याने शोधत नाही. भांडण न होण्यासाठी त्याने काय देऊन टाकले, याची मी वाट पाहते. तुमच्या बाबतीत ते काय असेल, किंवा तसे काही आहे की नाही, हे मला इथे बसून सांगता येणार नाही आणि सांगूही नये.

बोस यांच्याविषयी इतका आदर बाळगूनही त्यांच्या मर्यादा सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांच्या लेखनात दिसणारे रुग्ण बहुतांशी कलकत्त्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गातले आहेत. त्यांवरून 'भारतीय मन' असे काही एक आहे असे धरणे धाडसाचे होते. सांगलीजवळचा शेतकरी, मुंबईच्या चाळीत वाढलेली मुलगी, पारधी वस्तीवरचा मुलगा यांची घरे एकसारखी नाहीत, आणि बापाच्या अधिकाराचा अर्थही तिथे एक नाही. शिवाय सी-सॉची पद्धत विश्लेषकाच्या हाती फार अधिकार देते; तो सुचवतो, रुग्ण कल्पना करतो, आणि जे निघते त्यातले किती रुग्णाचे आणि किती डॉक्टरांचे, हे ओळखणे अवघड होते. आपल्याकडे समोरच्याला गुरुस्थानी बसवण्याची सवय असल्याने हा धोका अधिकच. म्हणून मी त्यांचा विचार वापरते, त्यांची पद्धत फारशी वापरत नाही.

एका ठिकाणी तर विचारही वापरू नये, आणि हे मला ठामपणे सांगायचे आहे. घरात मार खाणारी स्त्री समोर बसली असताना, मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची इच्छा असते हे सूत्र तिला लावणे हा अन्याय आहे. बोस मनातल्या कल्पनांविषयी बोलत होते, घरातल्या हिंसेविषयी नव्हे. जिथे एकाकडे बळ आहे आणि दुसऱ्याला पळायला जागा नाही, तिथे आधी सुरक्षितता, मग बाकीचे. अशा स्त्रीला 'तुझ्याच मनात ते आहे' असे सुचवणारा थेरपिस्ट भेटला, तर तिने तिथून उठून जावे.

सिद्धान्त हाती आला की माणसे त्याची काठी करतात, ही तुमची भीती इतिहासालाही धरून आहे. बोस यांच्याच संस्थेचे एक सदस्य ओवेन बर्कली-हिल हे रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. १९२१ मध्ये त्यांनी हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचे मूळ बालपणीच्या शौचाशी निगडित वासनांत शोधणारा निबंध लिहिला. राज्यकर्त्यांच्या नोकरीतला माणूस राज्य केल्या जाणाऱ्यांविषयी असे लिहितो, तेव्हा रुग्णाचे ऐकणे संपलेले असते आणि निवाडा सुरू झालेला असतो. त्याच देशात, त्याच वर्षांत, तेच ग्रंथ वाचून बोस मात्र रुग्णाने सांगितलेले घेऊन ग्रंथाशी वाद घालत होते. एकाच शास्त्राचे हे दोन वापर आहेत, आणि तुमच्या थेरपिस्ट यांपैकी कोणत्या बाजूला आहेत हे तुम्हाला तपासता येईल.

आतापर्यंतचे थोडक्यात: इथली परंपरा जुनी आहे, तिने मूळ सिद्धान्ताला रुग्णांच्या अनुभवावरून दुरुस्ती सुचवली, आणि त्या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. तेव्हा 'फ्रॉइड लागू पडतो का' याचे सरसकट उत्तर नाही. काही भाग पडेल, काही पडणार नाही, आणि ते तुमच्या बोलण्यातूनच ठरेल.

म्हणून चालू ठेवावे का, याविषयी माझा सल्ला असा. तुम्ही इथे जे लिहिले आहे, ते सगळे पुढच्या भेटीत थेरपिस्टना सांगा: सदऱ्याच्या मापाचा दाखला, आजी आणि काकू, वडिलांशी मोजके बोलणे, आणि ही शंका सांगायला तुम्हाला चार महिने संकोच का वाटला तेही. हा शेवटचा भाग गाळू नका. वडिलधाऱ्यांशी मतभेद बोलून न दाखवण्याची घरातली रीत तुम्ही त्या खोलीतही पाळत आहात, अशी मला शंका येते, आणि तसे असेल तर उपचाराचे काम नेमके तिथेच आहे.

मग त्या काय करतात ते पाहा. तुमच्या शंकेला त्यांनी 'हा तुमचा प्रतिकार आहे' असे नाव देऊन विषय मिटवला, तर पुन्हा एकदा, शांतपणे विचारा. दुसऱ्यांदाही तेच झाले, तर दुसऱ्या थेरपिस्टचा विचार करण्यात काही गैर नाही. त्यांनी तुम्हाला आजीविषयी, काकूंविषयी अधिक विचारले, स्वतःची समजूत चुकली असेल तर ती बदलण्याची तयारी दाखवली, किंवा नुसतेच थांबून ऐकले, तर निदान आणखी सहा महिने द्या. या उपचारात चार महिने म्हणजे ओळख होण्याचा काळ असतो. या सहा महिन्यांत फ्रॉइडचे वाचन बंद ठेवलेत तरी चालेल. वाचायचेच असेल तर वाचा, पण वाचून मनात जे येईल ते इंटरनेटवर विचारण्याआधी त्या खोलीत घेऊन जा.